ओल्या हुडाचा वास

पाऊस थांबून थोडा वेळ झालेला असतो, ऊन अजून पडलेलं नसतं, आणि भिजलेल्या जाड सुती कापडाला एक वास सुटतो. आंबूस म्हणावा तर पुरता आंबूस नाही, कोंदट म्हणावा तर त्यात कुठेतरी ऊब असते. पावसाळ्यात गोठ्याच्या दारावर टाकलेल्या गोणपाटाला येतो त्याच्या जवळचा, पण त्याहून खोल. आमच्या जीपच्या हुडाला हा वास होता. त्यात सांडलेल्या डिझेलचा वास मिसळलेला असायचा, दुधाच्या कॅनच्या झाकणाखाली धरलेल्या सायीचा असायचा, आण्णांच्या तंबाखूचा असायचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी, नाक अगदी शिवणीला लावलं तरच कळेल इतका हलका, मेणाचा. चाळीस वर्षं झाली. मुद्दाम आठवायला बसलं तर तो वास येत नाही. कधीतरी भलत्याच वेळी, शहरात एखाद्या मांडवाची ओली कनात उतरवत असताना, अर्धा येतो आणि निघून जातो.

अर्धाच.

गेल्या पावसाळ्यात तो मला फार आठवला. भावाच्या मुलानं नवी गाडी घेतली. डोंगरात, चिखलात, ओढ्यात घालायची म्हणून हौसेनं घेतलेली, उंच चाकांची, चारही चाकांना जोर पोहोचवणारी गाडी. पहिल्यांदा आजीला मौनी महाराजांच्या मठात नेतो, असं त्यानं कबूल केलं होतं, म्हणून गारगोटीहून आम्ही पाटगावच्या वाटेला लागलो. पुढे तो आणि त्याची बायको, मागे आई, मी आणि आमच्या दोघींच्या मधे, तिच्या छोट्या सीटच्या पट्ट्यांत बांधलेली त्याची चार वर्षांची लेक. मी बसले, दार ओढलं आणि ‘धप्’ असा एकच भरीव आवाज झाला. भरल्या कणगीवर थाप मारावी तसा.

‘‘आत्या, ऐकलास आवाज?’’ तो म्हणाला.

मी दार उघडून पुन्हा लावलं. खरंच सुंदर आवाज होता. असा आवाज आपोआप येत नाही, हे त्यानंच मला समजावून सांगितलं. कडेची रबराची पट्टी किती दबावी, कुलपाची जीभ खाचेत कशी बसावी, पत्र्याचा थरकाप कुठे मुरवावा, यावर माणसं कारखान्यात महिनोन्‌महिने काम करतात. गाडी घ्यायला गेलेला माणूस इंजिनाकडे बघण्याआधी दार लावून बघतो. बांधणी पक्की आहे की नाही याचा कौल कानच आधी देतो.

कडगाव मागे पडलं आणि पाऊस आला. पुनर्वसूचा, आमच्याकडे ज्याला तरणा पाऊस म्हणतात तो. वेदगंगेच्या काठची भातखाचरं बघता बघता दिसेनाशी झाली, झाडं वाकली, रस्त्याकडेच्या गटारी लाल पाण्यानं फुगून वाहू लागल्या, आणि आत काहीच झालं नाही. काचेपलीकडे पाऊस मुका झाला होता. आतली हवा कोरडी, हवी तेवढी गार. मी हळूच, कुणाला कळणार नाही असा, एक दीर्घ श्वास घेतला. नव्या सीटचा, नव्या प्लॅस्टिकचा स्वच्छ वास आला. मी जे शोधत होते, त्याला आत यायला कुठे फटच नव्हती.

आमच्या जीपला दारच नव्हतं. कंबरेच्या उंचीवर एक कॅनव्हासचा पट्टा असायचा, त्याची कडी आकड्यात अडकवली की दार लागलं. आण्णांनी ती एका लिलावात घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून कुणीतरी डिझेलचं बसवलं होतं, मडगार्ड एका गाडीचे होते, पाटे दुसरीचे, आणि गारगोटीच्या मिस्त्रींच्या हाताखालून ती इतक्या वेळा गेली होती, की तिचं कुळ-मूळ सांगणं अवघड झालं होतं. पहाटे वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून गारगोटीला पोचवायचं आणि परतीला वडाप करायचं, हे तिचं काम. शाळेला सुट्टी असली की मी पुढच्या सीटवर असे. पुढे जागा मिळणं हा मान होता, आणि त्या मानाला कामं जोडलेली होती.

पहिलं काम, हुडाला हात न लावणं. ‘‘आतनं हात लावू नगं, पोरी. लावला की गळतंय.’’ पावसाळ्यात जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला आण्णा हे सांगत. मागच्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं मग डोकं वाकवून, अंग चोरून, देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखी बसत. जाड सुती कापडाची ही खोड मला पुढे कळली. पाणी पडलं की सूत फुगतं, विणीतल्या बारीक जागा मिटतात, आणि मघापर्यंत नुसतं कापड होतं ते छप्पर होऊन बसतं. वरून धारा ओघळत राहतात, आत थेंब येत नाही. पण आतून कुणी बोट टेकवलं, की कापडानं धरून ठेवलेलं पाणी त्या बोटाशी येतं, आणि तिथून जो थेंब सुरू होतो, तो हूड वाळेपर्यंत थांबत नाही.

मी एकदा लावला हात. मुद्दामच. त्या ताणलेल्या, गार, वरून पावसाच्या बोटांनी वाजणाऱ्या कापडाला आतून स्पर्श केल्यावर काय होतं, ते मला बघायचंच होतं. क्षणभर काही झालं नाही. मग तिथे एक थेंब फुगला आणि दुधाच्या कॅनच्या झाकणावर पडला. टप्. पुन्हा टप्. मी आण्णांकडे बघितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, माझा हात धरला, त्याच बोटाचं टोक थेंबाच्या जागी टेकवलं आणि हुडाच्या आतून हळूहळू, रेघ ओढावी तसं, खालच्या कडेपर्यंत ओढत नेलं. थेंब त्या रेघेनं चालत गेला आणि कडेला जाऊन बाहेर उतरला. झाकणावरची टपटप थांबली. आण्णा काही बोलले नाहीत. गाडी पुन्हा रस्त्याला लागली, आणि मी पाटगाव येईपर्यंत ती ओली रेघ बघत राहिले.

मेणाचा वास मृगाआधीचा. पाटगाव आता मधाचं गाव म्हणून नावाला आलं आहे, पण तेव्हाही त्या रानांतून मध काढणारी माणसं होती, आणि दुधाच्या फेरीत त्यांच्याकडून आण्णा मेणाचे पिवळे गोळे आणत. वळीव होऊन गेले की हूड उतरवून अंगणात पसरायचा. शिवणीच्या टाक्यांवरून मेणाचा गोळा अंगठ्यानं दाबत फिरवायचा, आणि मग आई पितळेच्या तांब्यात चुलीतले निखारे भरून तो तांब्या त्यावरून इस्त्रीसारखा फिरवायची. मेण वितळून सुताच्या भोकांत उतरे, आणि अंगणभर असा काही वास सुटे, की एखादी वाट चुकलेली मधमाशी हुडाच्या कडेशी येऊन घोटाळत राही. त्या गाडीच्या बांधणीत आईचा एवढा हात होता. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण पाऊस कुठून आत येईल, हे टाका न टाका तिला ठाऊक होतं.

पुढे मोठी झाल्यावर त्या जातीच्या गाड्यांविषयी मिळेल ते वाचत गेले. १९४० साली अमेरिकी सैन्याला टेहळणीसाठी एक हलकी, कुठेही जाणारी गाडी हवी होती, आणि पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम कंपनीनं पहिला नमुना ४९ दिवसांत उभा केला. टोलेडोच्या विलीज कंपनीकडे इंजिन सगळ्यांत जोरदार होतं, ६० अश्वशक्तीचं, पण त्यांची गाडी वजनात बसेना. मग त्यांचे मुख्य अभियंता डेल्मर रूस यांनी ती सगळी सुटी करून एकेक भाग तोलला; बोल्टांची जास्तीची टोकं कापली, रंगाचा हातसुद्धा मोजून दिला, असं सांगतात. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. आमच्या डोक्यावरचं ते कापड, ती दाराऐवजीची पट्टी, बॉनेटवर आडवी होणारी पुढची काच, हे सगळं कुणी विसरल्यामुळे राहून गेलेलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट हातात घेऊन, तोलून, हिच्यावाचून चालेल का असं विचारून ठेवलेली किंवा काढलेली होती. पुढच्या पाच वर्षांत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. इंग्लंडातल्या लँड रोव्हरचं असंच. १९४७ मध्ये मॉरिस विल्क्स यांनी तिचा आकार वेल्सच्या एका किनाऱ्यावर वाळूत काढून दाखवला, आणि युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता म्हणून तिचं अंग ॲल्युमिनियमचं झालं. त्या काळच्या चणचणीनंच या गाड्यांना त्यांचे चेहरे दिले.

चाळिशीचं दशक सरता सरता विलीजच्या जीपा महिंद्र बंधूंच्या कंपनीकडून मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. १९५३ साली त्यांचं उंच बॉनेटचं रूप आलं. ते अमेरिकेत १९६८ मध्ये थांबलं, आणि आपल्याकडे त्यानंतरही कित्येक दशकं बनत राहिलं. चपटे मडगार्ड, उभा चेहरा, दोन गोल डोळे. घाटमाथ्यावरच्या कुठल्याही गावात मूल जीपचं चित्र काढायला बसलं की पहिल्यांदा तेच काढे.

आमच्या जीपच्या तळाला माझ्या पायाशी एक भोक होतं. गंजून पडलेलं, रुपयाएवढं. आण्णा त्यावर डब्याचं झाकण ठेवत आणि मी ते पायानं सरकवत असे. त्यातून रस्ता पळताना दिसायचा. काळा असला की कडगावच्या अलीकडचं डांबर, लाल झाला की वाडीचा फाटा, एकाएकी पांढरं फेसाळ पाणी दिसलं आणि घोट्याला गार लागलं की मोरी. बाहेर धुकं इतकं दाट असायचं की पुढचा बैल दिसू नये, पण मला माझ्या भोकातून गाव ओळखू यायचं. ओढ्यातून जाताना पाणी त्यातून आत यायचं आणि चढाला लागलो की त्यातूनच निघून जायचं. आण्णांनी ते कधी बुजवलं नाही. पैसे नव्हते म्हणून असेल. मला मात्र अजून वाटतं, माझ्यासाठी ठेवलं असावं.

आणि सुतळी. वायपरची मोटर केव्हाच गेली होती. पात्याला दोन बाजूंनी दोन सुतळ्या बांधलेल्या, एक आण्णांच्या बाजूनं आत आलेली, एक माझ्या. त्यांनी ओढली की पातं तिकडे, मी ओढली की इकडे. पावसाच्या जोराप्रमाणे हात चालवायचा. त्यांना गिअर बदलायचा असला की पातं माझ्याकडे थांबायचं. तिचा दुसरा गिअर गार असताना पडायचा नाही, क्लच दोनदा दाबून, मधे एक श्वास थांबून, मग दांडा ढकलावा लागे. तो श्वासही मला पाठ झाला होता. काचेवर आधी तंबाखूची पुरचुंडी ओली करून घासलेली असे, त्यानं पाणी चिकटत नाही म्हणून. पाऊस, सुतळी, तंबाखूचा उग्र वास, आणि त्या सुतळीच्या पलीकडच्या टोकाला आण्णांचा हात. तो दिसत नसे, त्याची ओढ कळे. रात्री कुणाकडे दुधाच्या पैशावरून बोलाचाली झाली असेल तर ओढ आखूड आणि तुटक यायची. मन निवांत असेल तर लांब, पाळणा हलवावा तशी. माझ्या वडिलांशी माझं सगळ्यांत जास्त बोलणं त्या सुतळीवरून झालं आहे.

म्हशींच्या बाबतीत आण्णा ‘स्वभाव’ हा शब्द वापरायचे. ही पहिल्या हाताला पान्हा सोडत नाही, तिचा स्वभाव. ती अनोळखी माणूस गोठ्यात आला की दूध चोरते, तिचा स्वभाव. जीपलाही ते तोच शब्द लावत. ‘‘सभाव हाय तिचा, सांभाळून घ्यायचा.’’ आणि सांभाळून घेताना आमचे हात, पाय, कान तिच्यात गुंतत गेले. रात्री ती उतारावर, तोंड खाली करून लावायची, म्हणजे सकाळी एकटा माणूसही सुरू करू शकेल. डिझेलमध्ये हवा शिरली की मिस्त्रींची वाट न बघता नट ढिला करून, हातपंप मारून, बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं. त्या रस्त्यावरच्या चार-सहा गावांतली निम्मी माणसं तिला ढकलण्यात, ओढण्यात, तिच्या चाकाखाली दगड लावण्यात कधी ना कधी सामील झालेली होती, आणि तिचा आवाज वळणाआधीच ओळखून कॅन घेऊन अंगणात येत होती.

तरीही ती जीप मला आज परत नको आहे, हेही मला सांगितलं पाहिजे. तिच्यात सीटचे पट्टे नव्हते. स्टिअरिंगचा दांडा सरळ चालवणाऱ्याच्या छातीवर रोखलेला असे. डिझेलची टाकी आण्णांच्या सीटखाली होती, आणि त्या सीटवर बसून ते घाटाच्या कडेनं, धुक्यात, एका हातात सुतळी धरून, लेकरांनी आणि म्हाताऱ्यांनी भरलेली गाडी चालवत होते. ते आठवलं की आता माझ्या पोटात खड्डा पडतो. त्याच वंशाची महिंद्रची नवी थार २०२० साली आली, नाशिकच्या कारखान्यात बनते, आणि ग्लोबल एनकॅपच्या टकरीच्या चाचणीत तिला पाचांपैकी चार तारे मिळाले. हे वाचून मला बरं वाटलं होतं. आपली माणसं आत असताना लोखंडानं मार खावा आणि माणसांना राखावं, यासाठी कुणीतरी रात्री जागून काम केलं. त्या रात्रीसुद्धा मेणाचा गोळा शिवणीवरून फिरवण्यासारख्याच असणार.

आईला तर नव्या गाडीचं कोण कौतुक. जीपमध्ये चढताना नऊवारीचा काष्टा सावरत, एक पाय मागच्या फळीवर ठेवून, कुणीतरी वरून हात देईपर्यंत ती ताटकळायची. सांधे तिचे तेव्हापासूनच धरलेले. आता नातू खाली उतरून पायरी दाखवतो, कंबरेला आधार देतो. ‘‘ह्यात थंडी वाजत न्हाई,’’ ती म्हणाली, आणि सीटवर पदर गुंडाळून, घरच्या पलंगावर बसावं तशी बसली. तिच्या सुखासमोर माझ्या वासाचं काय बोलणार?

जीप गेली ती आण्णा असतानाच. मोठ्या टँकरनी दूध न्यायला सुरुवात केली, वडापला नव्या गाड्या आल्या, आणि एका शिमग्याला भंगारवाला तिला ओढून घेऊन गेला. आण्णा त्या दिवशी शेतावरून उशिरा आले. हूड तेवढा त्यांनी काढून ठेवला होता. तो काही वर्षं जळणाच्या ढिगावर पडून होता, मग त्याचे तुकडे झाले. एक तुकडा पाणी तापवायच्या चुलीपाशी, एक गोठ्याच्या खिडकीला. आण्णा गेले त्या वर्षी गोठाही पाडला. मी नंतर गेले तेव्हा माळ्यावर, जुन्या सुपांच्या मागे, हातभर तुकडा सापडला. नाकाशी धरला. धुळीचा वास आला. अंगणात नेऊन तांब्याभर पाणी ओतलं, थांबले, पुन्हा हुंगला. नुसत्या ओल्या कापडाचा वास. त्याला डिझेल हवं होतं, दूध हवं होतं. आणखी काय हवं होतं, ते माझी मी जाणून आहे.

पाटगावचा मठ करून परत निघालो तेव्हा पावसानं पुन्हा धरलं होतं. मोऱ्यांवरून पाणी होतं, पण गाडी त्यातून अशी गेली की आत कपाळालाही आठी पडली नाही. वायपर आपला आपण हलत होता; पाऊस वाढला की जलद, कमी झाला की सावकाश, कुणी न सांगता. मी माझा डावा हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते, ते बऱ्याच वेळानं लक्षात आलं. आईचा डोळा लागला होता. पोर मात्र जागी होती आणि कंटाळलेली होती. वरच्या काचेवर धारा पळताना दिसत होत्या, पण ऐकू येत नव्हत्या, हे तिला नवल वाटत असावं. तिनं पट्ट्यांतून एक हात सोडवला, वर उचलला, आणि छताच्या मऊ अस्तराकडे बोट लांब केलं.

‘‘आतनं हात लावू नगं, पोरी,’’ आई झोपेतच म्हणाली.

पोरीनं हात खाली घेतला.